सोनेरी तबकडीची नवी फ्रेम: आठ महिन्यांनंतर

मामांना मिळालेली सोनेरी तबकडी, म्हणजे रेकॉर्ड भरपूर खपल्याबद्दल सन्मान म्हणून देतात ती गोल्ड रेकॉर्ड, माझ्याकडे आली तेव्हा ती फ्रेमच्या आतच घसरून पडली होती. मागचा गोंद सुटला होता, काचेला तडा गेला होता आणि कापडी माउंटवर (तबकडीमागच्या पाटीवर) तपकिरी ठिपके उठले होते. मी दोष दमटपणाला देत होतो. फ्रेम उघडल्यावर खरा चोर सापडला: मागचा साधा खाकी पुठ्ठा. अशा पुठ्ठ्यातलं लिग्निन (लाकडातला एक घटक) वर्षानुवर्षं आम्ल सोडत राहतं, आणि माउंटच्या कडेला जळल्यासारखी रेघ उमटली होती ती त्याचीच. म्हणजे जपायला म्हणून जी फ्रेम केली, तिनेच आतली वस्तू खाल्ली.

नवीन घेतलं ते असं: ॲसिड-फ्री बोर्ड, काचेऐवजी यूव्ही (अतिनील किरण) अडवणारं ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, ते तबकडीला टेकू नये म्हणून स्पेसर आणि एक छोटा आर्द्रतामापक.

आधी माझा गाढवपणा सांगतो. काळवंडलेली पितळी नामपट्टी मी पॉलिशने घासली. पितळ लखलखलं, पण अक्षरांत भरलेला काळा रंगही निघून गेला. तबकडीवर तो प्रयोग केला नाही हे नशीब, कारण वरचा सोनेरी थर इतका पातळ असतो की घासलं की गेलाच. तिला फक्त मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर.

तबकडीवर गाण्यांच्या पट्ट्या पाच आणि लेबलवर नावं सहा, म्हणून मी आधी घाबरलो. नकली तर नाही? पण या तबकड्या वाजवण्यासाठी नसतातच. हाताशी असेल त्या रेकॉर्डवर मुलामा चढवून लेबल लावायची पद्धत सर्रास होती. अमेरिकेत आरआयएए या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 1958 साली गोल्ड रेकॉर्डचं रीतसर प्रमाणन सुरू केलं, पण बँडप्रमुख ग्लेन मिलरला त्याच्या रेकॉर्ड कंपनीने 1942 मध्येच सोनेरी तबकडी दिली होती.

पुन्हा गोंद लावायचा नाही हे पक्कं होतं. पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या तीन पट्ट्यांवर तबकडी धरली. डागाळलेलं माउंट बदलायचा मोह झाला, पण मूळ तेच ठेवलं आणि त्याच्यामागे नवा बोर्ड दिला. मागचं जुनं फ्रेमवाल्याचं लेबल फिल्मच्या पाकिटात घालून पाठीला लावलंय. खरेपणाचा तेवढाच पुरावा.

आता आठ महिन्यांचा हिशेब. ठिपके वाढलेले नाहीत. ॲक्रिलिक हलकं आहे, पण धूळ ओढून घेतं आणि ओरखडे पटकन पडतात. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे त्यावर चालत नाही, ते धुरकट होतं. मी ओलसर मायक्रोफायबरनेच पुसतो. शिवाय यूव्ही अडलं तरी दिसणारा उजेड आत जातोच, त्यामुळे खिडकीसमोर टांगायची मुभा मिळाली असं समजू नका. दमट दिवसांत मापक 68 टक्क्यांवर गेला, तेव्हा फ्रेम बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर आणली आणि हवा खेळावी म्हणून मागे कॉर्कचे तुकडे लावले. तेव्हापासून आकडा पन्नाशीच्या आसपास आहे.

फिल्मची एक पट्टी मात्र सैल पडली आहे. तबकडी बोटभर फिरलीय, लेबल तिरकं दिसतं. पाहुण्यांना कळत नाही, मला रोज दिसतं.