शिसं सोडून कथील आणि स्टीलची वजनं: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गणपती उठले, धरणं भरली, तेव्हाच गळाच्या पेटीतलं सगळं शिसं बाहेर काढलं. आता उन्हाळा लागलाय. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, दारणा, मुकणे, सगळीकडे बिनशिशाचं सामान वापरून झालं, म्हणून सविस्तर लिहितो. रोहू, मृगळ आणि चिलापीसाठी मी फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावूनही बसतो आणि तळालाही गळ टाकतो.

आधी कारण सांगतो. बदकांना दात नसतात. दाणा दळायला ती तळाचे बारीक खडे गिळतात. कोंबडीच्या कलेजी-पेट्यातला जो पेटा, तीच त्यांची चक्की. आपल्या तंगुसावरून (गळाच्या नायलॉन दोरीवरून) निसटलेला शिशाचा मणी त्याच खड्यांत पडतो आणि खडा म्हणून पोटात जातो. तिथे तो घासला जातो, आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. पंख लोंबतात, मान धरवत नाही, खाल्लेलं पुढे सरकत नाही. भरल्या पाण्यात पाखरू उपासमारीने मरतं. ब्रिटनमध्ये राजहंस असेच मरत होते. १९८७ मध्ये तिथे २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली आणि हंस सावरले. अमेरिकेतल्या तळ्यांवरच्या लून पक्ष्याच्या पोटात गेलेलं एकच छोटं वजन त्याला मारायला पुरतं.

आपल्याकडे गंगापूर आणि दारणा दोन्हींचं पाणी गोदावरीतून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जातं. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही पाहुणी बदकं तिथे थंडी काढतात. अभयारण्यात आपण गळ टाकत नाही हे खरं, पण वारकरी पक्षी आणि हळदी-कुंकू बदकं गंगापूरच्या उथळ कडेलाही आपल्या फ्लोटच्या पलीकडेच चरत असतात.

म्हणून सगळ्यात आधी बदलायचे ते चिमटून लावायचे बारीक मणी. पाखराच्या घशात सहज जातात ते हेच, आणि आपल्याकडून सर्रास सांडतात तेही हेच. मी कथलाचे मणी वापरले. कथील शिशापेक्षा हलकं: घनता ७.३, शिशाची ११.३. त्यामुळे त्याच वजनाचा मणी अंमळ मोठा दिसतो. फ्लोट नीट उभा राहायला एक माप वरचा मणी लावावा लागतो, कधी एक जास्तीचा. माशाला त्याने काही फरक पडलेला दिसला नाही. मृगळ तसाच हळू ओढतो, चिलापी तशीच टिचक्या मारते. कथील किंचित कडक असल्याने बोटांनी दाबून भागत नाही, छोटी पक्कड लागते. दाताने चावून मणी बसवायची पद्धत आपल्यात जुनी आहे, ती शिशाबरोबरच जायला हवी.

ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटावर ‘लेड-फ्री’ छापलं होतं, पण मणी कागदावर घासला की पेन्सिलीसारखी करडी रेघ उठे. ते परत केलं. शुद्ध कथलाची खूण वेगळी: त्याची कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून करकर आवाज येतो. कल्हईला वापरतात तेच हे कथील. २३२ अंशांना वितळतं, तेव्हा मणी घरीही ओतता येतात. सोल्डरची तार मात्र त्यासाठी घेऊ नका, तिच्यात बऱ्याचदा शिसंच असतं.

तळाच्या वजनांसाठी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून ३०४ स्टेनलेसच्या सळीचे तुकडे करून घेतले. १२ मिमी जाडी, ३२ मिमी लांबी, मधून २ मिमीचं आरपार भोक. वजन साधारण २८ ग्रॅम. भोकाची कड घासून गोल करून घ्या, नाहीतर तंगूस कापलं जातं. मी आत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घालतो. गोल तुकडा दारणेच्या धारेत घरंगळतो, म्हणून दोन बाजू चपट्या केल्या आणि तो बसला. वारा समोरून असेल तर फेक शिशापेक्षा थोडी कमी पडते, एवढं मान्य करावं लागेल.

बाजारातले चकचकीत नट बांधायचा मोह होईल. त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि पोटात गेलेलं जस्तही पाखरांना विषारीच. पितळही मी टाळलं: लेथवर सहज कापलं जावं म्हणून पितळेच्या सळीत दोन-तीन टक्के शिसं मिसळलेलं असतं.

टंगस्टन उत्तम. शिशाहून जड, त्यामुळे मणी लहान, आणि तळाचा दगड लागला की हाताला टक्कन कळतं. पण किंमत शिशाच्या कितीतरी पट आहे. मरळीच्या ल्यूरला (नकली आमिषाला) एखादं ठेवावं, खडकाळ तळाला रोज गमवायला नाही.

काढलेलं शिसं बरणीत बंद करून भंगारवाल्याला दिलं, कचऱ्यात टाकलं नाही.

पागेचा, म्हणजे कडेला शिसं लावलेल्या फेकजाळ्याचा, प्रश्न राहिलाय. धरणावरच्या एका भोईदादांना शिशाऐवजी लोखंडी साखळी सुचवली, तर म्हणाले, “भाऊ, साखळी गंजती अन् जाळं कुरतडती.” त्यांचं म्हणणं रास्त आहे. स्टेनलेसच्या गोल कडेच्या बारीक नळ्या करून त्यांच्या एका जुन्या पागेला लावायचं ठरलंय. नळीची जाडी किती ठेवायची, हे ते जाळं हातात धरूनच सांगणार आहेत.