भरीत एक नंबर, आणि टीव्ही काढला त्याबद्दल मालकांचे वेगळे आभार

जळगाव-भुसावळ रोडवरचं भरीत सेंटर, आम्ही दर हिवाळ्यात चार-पाच चकरा मारतोच. आसोद्याकडची हिरवी वांगी, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली, तो धुराचा वास गॅसवर येतच नाही भो. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. भाकरी गर्दीत उशिरा येते, वीस मिनिटं धरून चला.

आता टीव्हीचं सांगतो. २०२४ च्या विधानसभेला इथे भिंतीवर टीव्ही होता अन् दिवसभर भाषणं, अमक्यापासून धोका, तमका देशाचा वैरी, हेच. वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवणारे दोन केळीवाले शेतकरी माझ्यासमोर असे भांडले की एक जण अर्धी भाकरी टाकून उठून गेला, कारण काय तर एका नेत्याचं एक वाक्य. त्याच पावसाळ्यात दोघांच्याही बागेत सीएमव्ही, म्हणजे केळीवर पडणारा विषाणूचा रोग, शिरून खोडं उपटून फेकावी लागली होती, त्यावर तासभरात एक शब्द नाही, टीव्हीवरही नाही अन् टेबलावरही नाही. लई वाईट वाटलं. माणसाला भीती घातली, राग पेटवला की तो हिशोब मागायचा विसरतो, आणि दुसरा कोणी मागितला, मग तो पेपरवाला असो की कोर्ट, तर तोच गद्दार वाटायला लागतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे अन् शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे पाठ आहे सगळ्यांना, जयंतीला ऐकतो पण.

मालक भाऊंनी दुसऱ्याच दिवशी टीव्ही उतरवला. राजकारणावर बंदी नाही बरं का, उलट आता जास्त बोलतात, पीक विमा कुठे अडकला, कापसाला भाव का नाही, आमदाराचं नाव घेऊन बोलतात. आपल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा शेतसारा कमी करा, कर्जाचं बघा असेच ठराव झाले होते, म्हणजे हे बोलणं आपल्या मातीला नवीन नाही.

ते दोघं जानेवारीत परत एका टेबलावर दिसले, बोलणं कमीच, पण मुळ्याची ताटली इकडून तिकडे सरकत होती.

पाच पैकी साडेचार, अर्धा भाकरीचा कापला. रविवारी बाराच्या आत जा, नंतर भरीत संपतं.