स्वतःच्याच धंद्याला धक्का देणारे उपकरण: किंडलचे परीक्षण

माझ्याकडचे किंडल पेपरव्हाइट, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे अॅमेझॉनचे उपकरण, आता सातव्या वर्षात आहे. पाठीमागे बोटे टेकतात त्या जागी त्याचे खरखरीत आवरण झिजून गुळगुळीत झाले आहे, पण वाचनाच्या कामात त्याने अद्याप हात आखडता घेतलेला नाही. रोज रात्री थोडे वाचूनही ते आठवडे उलटल्यावरच चार्जिंगला लावावे लागते. सहा इंची पडद्यावर दर इंचाला ३०० ठिपके असल्यामुळे अक्षरांच्या कडा छापील पानाइतक्या रेखीव दिसतात, आणि कडेला बसवलेल्या दिव्यांचा प्रकाश पानावर आडवा पसरत असल्यामुळे मोबाइलच्या पडद्यासारखा तो थेट डोळ्यांत येत नाही. अनोळखी शब्दावर बोट दाबून धरले की कोशातला अर्थ तिथल्या तिथे उघडतो. मधूनच एखादे पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो; पहिल्या आठवड्यात ते खटकते, नंतर लक्षातही येत नाही.

वाचक म्हणून मी समाधानी आहे, हे आधीच सांगून टाकतो. हे परीक्षण लिहावेसे वाटले त्याचे कारण मात्र थोडे वेगळे आहे. छापील पुस्तके विकून मोठ्या झालेल्या ऑनलाइन दुकानानेच छापील पुस्तकाची गरज कमी करणारे उपकरण तयार केले. मोठ्या कंपनीत काम केलेल्या कोणालाही विचारा, अशी कल्पना साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच गारद होते. ही कल्पना का टिकली, याची उत्तरे मला किंडलच्या घडणीतच सापडत गेली, आणि त्याचे दोषही त्याच घडणीतून आले आहेत असे माझे मत झाले.

अॅमेझॉनने १९९५ मध्ये पुस्तकविक्री सुरू केली. २००४ पर्यंत अॅपलच्या आयपॉड या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राने संगीताच्या सीडींचे काय होणार हे स्पष्ट दाखवून दिले होते, आणि पुस्तकांवरही तीच वेळ येईल हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. त्या वर्षी कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी स्टीव्ह केसेल यांच्याकडे डिजिटल विभाग सोपवला. केसेल तोवर पुस्तके, संगीत आणि चित्रपट यांचा चालता, पैसे मिळवून देणारा व्यवसाय सांभाळत होते. माझ्या दृष्टीने या साऱ्या हकिकतीतली सर्वांत मोलाची बाब ही आहे की त्यांना जुने काम सांभाळून नव्याकडे लक्ष द्यायला सांगितले गेले नाही. जुने काम त्यांच्याकडून काढून घेतले गेले. जो माणूस सकाळी छापील पुस्तकांच्या विक्रीचे आकडे पाहतो, तो दुपारी त्याच विक्रीला कात्री लावणारे यंत्र मनापासून घडवू शकत नाही. त्यात त्याची वृत्ती वाईट असते असे नाही, पण ज्या कामाचा जाब रोज द्यावा लागतो तिकडेच माणसाचे मन ओढले जाते. त्याच कंपनीत अँडी जॅसी यांच्या नेतृत्वाखाली क्लाउड सेवांची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने द्यायच्या संगणक-सेवांची, उभारणी झाली आणि मार्च २००६ मध्ये माहितीच्या साठवणुकीची पहिली मोठी सेवा बाजारात आली, तिथेही एका माणसाकडे एकच काम ही रीत दिसते.

उपकरण बनवण्याचा अनुभव या दुकानाकडे अजिबात नव्हता. म्हणून सिएटलच्या मुख्यालयापासून दूर, कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत लॅब १२६ नावाची वेगळी कंपनी काढण्यात आली आणि पाम या कंपनीत हार्डवेअरचे काम केलेले ग्रेग झेर यांच्याकडे तिची सूत्रे देण्यात आली. नावातला एक म्हणजे ए आणि सव्वीस म्हणजे झेड. पहिले किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी विक्रीला आले. काम सुरू झाल्यापासून तीन वर्षांहून अधिक काळ या विभागाकडे दाखवण्यासारखी विक्री नव्हती, तरी तो बंद पडला नाही.

अॅमेझॉनची कामाची आणखी एक पद्धत इथे सांगायला हवी. नवे काही करायचे तर आधी त्याचे प्रसिद्धिपत्रक लिहायचे, जणू वस्तू तयार होऊन उद्या बाजारात येणार आहे, आणि त्याला ग्राहक विचारतील त्या प्रश्नांची उत्तरे जोडायची. वरवर पाहता हा आधी कळस मग पाया असा उलटा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात ग्राहकाला काय मिळणार हे चार साध्या वाक्यांत लिहिता येत नसेल, तर ते बांधायला घेण्यात अर्थ नाही, हे त्या कागदावरच उघड होते आणि पुढचे सगळे कष्ट वाचतात. जून २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड दाखवणे बंद झाले. त्याऐवजी कमाल सहा पानांचे सलग गद्य लिहायचे आणि बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी ते शांतपणे वाचायचे, असा शिरस्ता पडला. ज्या वर्षी ही मंडळी बैठकीत बसून वाचू लागली, त्याच वर्षी त्यांनी वाचनाचे यंत्र करायला घेतले, हा योगायोग मला फार आवडतो. किंडलवर वाचताना आपल्याला कोणी मध्ये बोलत नाही, काही वाजत नाही, काही लुकलुकत नाही. हे यंत्र ज्यांनी केले त्यांना शांतपणे वाचण्याची किंमत ठाऊक असावी, असे वाटत राहते.

मी स्वतः काही वर्षे एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीत, परत आलेल्या मालाच्या विभागात काम केले आहे. कपडे परत येण्याचे आमच्याकडचे सर्वांत मोठे कारण मापात बसत नाही हेच असायचे. एका दुपारी मी आणि माझ्या एका सहकारी बाईंनी गोदामातल्या टेबलावर एकाच मापाचे लेबल असलेले, पण चार वेगवेगळ्या उत्पादकांचे शर्ट पसरले आणि टेपने छाती मोजली. सर्वांत सैल आणि सर्वांत तंग शर्टात चांगला चार बोटांचा फरक निघाला. आमची सूचना साधी होती: उत्पादकाने पाठवलेला मापांचा तक्ता जसाच्या तसा न लावता, गोदामात आलेल्या पहिल्या नगाची मापे घेऊन ती संकेतस्थळावर द्यावीत. सूचना सर्वांना पटली. गोदामाचे प्रमुख म्हणाले, माणसे संकेतस्थळाच्या विभागाने द्यावीत. संकेतस्थळाच्या विभागाचे म्हणणे पडले की खर्च कपड्यांच्या विभागाने उचलावा. आणि कपड्यांच्या विभागाला उत्पादक दुखावतील अशी धास्ती होती. नऊ बैठका झाल्या. एकानेही नाही म्हटले नाही, आणि विक्रीचा हंगाम सुरू झाल्यावर ते घोंगडे जे भिजत पडले ते कायमचेच. त्या कल्पनेला शत्रू कोणी नव्हता, पण वालीही कोणी नव्हता. तो टेप बाईंच्या टेबलाच्या खणात पुढेही कित्येक महिने दिसत असे, आणि केसेल यांचे जुने काम काढून घेतल्याचे वाचले तेव्हा मला आधी तोच आठवला.

पहिले किंडल दिसायला मुळीच देखणे नव्हते. पांढरे, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळते होत गेलेले, खालच्या भागात दोन तुकड्यांत विभागलेल्या तिरक्या कळांचा कीबोर्ड, आणि दोन्ही कडांना पान उलटायची इतकी लांबरुंद बटणे की नुसते उचलायला गेले तरी पान उलटावे. पडद्यावर करड्या रंगाच्या अवघ्या चार छटा होत्या. किंमत ३९९ डॉलर. तरीही पहिला साठा साडेपाच तासांत संपला. पडद्याचे तंत्र त्यांचे स्वतःचे नव्हते. ते ई इंक या कंपनीचे होते आणि सोनीने त्या पडद्याची वाचनयंत्रे आधीच बाजारात आणली होती. फरक पडला तो पुस्तक वाचकापर्यंत पोचण्याच्या वाटेत. सोनीच्या यंत्रात पुस्तक घालायचे तर आधी ते संगणकावर उतरवून घ्यावे लागे आणि मग तारेने यंत्रात सोडावे लागे. किंडलमध्ये मोबाइलचे जाळे आतच बसवलेले होते, त्याचे वेगळे बिल नव्हते, करार नव्हता, आणि निवडलेले पुस्तक मिनिटाभरात यंत्रात येत असे. विकत घेतलेले यंत्र ग्राहकाच्या खात्याशी जोडूनच घरी येई. सुरुवातीलाच ९० हजारांहून अधिक पुस्तके विक्रीला ठेवलेली होती.

माझ्या मते या यंत्राचे खरे नावीन्य इथे आहे. मालाची यादी नीट लावणे, ग्राहकाचे खाते सांभाळणे, पैसे एका टिचकीत घेणे आणि माल वेळेवर पोचवणे, या दुकानदाराच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीच त्यांनी यंत्रात उतरवल्या. चांगला पडदा सोनीकडेही होता, पण चांगले दुकान नव्हते. मोठ्या कंपनीतल्या उद्यमशील माणसाला बाहेरच्या नवख्या उद्योजकापेक्षा वरचढ ठरवणारी शिदोरी हीच असते. प्रश्न एवढाच की ती वापरू देण्याची कंपनीची तयारी असते का. मे २०११ मध्ये कंपनीने जाहीर केले की अमेरिकेतल्या तिच्या दुकानात १ एप्रिलपासून दर १०० छापील पुस्तकांमागे १०५ किंडल पुस्तके विकली गेली. जी विक्री बुडण्याची भीती होती ती घरातल्या घरातच राहिली.

लेखकांसाठी स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सोयही याच यंत्राबरोबर आली. २०१० पासून २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या पुस्तकांवर काही अटींसह ७० टक्के मानधन मिळू लागले, हे प्रकाशकांकडून मिळणाऱ्या टक्केवारीच्या तुलनेत पुष्कळच होते. त्यातून आलेल्या पुस्तकांचा दर्जा मात्र फार खालीवर असतो आणि नमुना प्रकरण वाचल्याखेरीज मी त्यांतले काही घेत नाही.

आता दोषांकडे येतो. यंत्रात दुकान बसवले की दुकानदाराचा हातही यंत्रात राहतो. जुलै २००९ मध्ये विक्रीचा हक्क नसलेल्या एका पुरवठादाराने चढवलेल्या दोन गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती कंपनीने ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून टाकल्या. पैसे परत केले गेले, पुढे बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून कपाटातून नाहीसे होऊ शकते हे लोकांना त्या दिवशी कळले. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून तारेने यंत्रात टाकण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली. माझ्या मते ही चाल चुकीची आहे. ज्या ग्राहकाच्या सोयीसाठी २००७ मध्ये एवढे कष्ट घेतले, त्याच्याच हातातून ही सोय काढून घेण्याचे पटण्यासारखे कारण मला दिसत नाही. पान उलटायच्या बटणांचेही तसेच झाले. ओॲसिस हे मॉडेल बंद झाल्यापासून बटणांचे किंडल नवे मिळत नाही, आणि एका हाताने वाचणाऱ्याला त्यांची उणीव जाणवते.

याच लॅब १२६ ने पुढे फायर फोन केला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय किंडलचे मोजमाप पुरे होत नाही. जुलै २०१४ मध्ये तो विक्रीला आला. डोक्याच्या हालचालीप्रमाणे चित्र सरकावे म्हणून पुढच्या बाजूच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे, आणि समोरची वस्तू ओळखून ती आपल्याच दुकानात दाखवणारी सोय. दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरला सुरू झालेला फोन सप्टेंबरमध्ये ९९ सेंटवर आला आणि कंपनीला त्यापोटी १७ कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. वेगळी प्रयोगशाळा होती, पैसा होता, वरिष्ठांचा पाठिंबा तर उदंड होता. पण किंडलने वाचकाची एक खरी अडचण दूर केली होती, आणि फोनमध्ये दूर झालेली अडचण दुकानाची होती. इतके असूनही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच लोकांनी इको हा बोलका स्पीकर बाजारात आणला. अपयश आलेल्या मंडळींना लगेच दुसरे काम मिळणे, आणि तेही अंधारकोठडीसारखे कोपऱ्यातले काम नसणे, ही गोष्ट मी इतरत्र फार कमी पाहिली आहे.

सलग गद्य वाचणाऱ्याने, म्हणजे कादंबऱ्या, चरित्रे, निबंध यांचा नाद असलेल्याने, पेपरव्हाइट निःशंकपणे घ्यावे. रात्री दिवा न लावता वाचणाऱ्याला आणि अक्षरे मोठी करून वाचावी लागणाऱ्याला तर ते वरदानच आहे. आपली प्रत कायम आपल्या ताब्यात हवी असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी दोनदा विचार करावा. तक्ते, नकाशे आणि दाट तळटिपा असलेली पुस्तके माझ्या यंत्राच्या सहा इंचांत मावत नाहीत. ती मी अजूनही कागदावरच घेतो.