ड्रॉअबॉक्स : गेम आर्टच्या पोर्टफोलिओसाठी कितपत उपयोगी?

गेम आर्ट, म्हणजे व्हिडिओ गेममधली पात्रे, वस्तू आणि दृश्ये घडवण्याची कला. तिच्या पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक चित्रांचा संच, तयार करू लागलेल्या मुलांना हल्ली कोणी ना कोणी ‘ड्रॉअबॉक्स कर’ असे सांगतेच. ड्रॉअबॉक्स हा इंटरनेटवर मोफत मिळणारा रेखाटनाचा अभ्यासक्रम आहे. माझ्याकडे चित्रकला शिकायला येणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांनी तो केला आहे आणि त्यांच्याबरोबर त्यातला बराचसा भाग मीही करून पाहिला आहे. पाया म्हणून त्याच्या तोडीचे फुकट साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र त्यातल्या गृहपाठाची पाने जशीच्या तशी पोर्टफोलिओत घालणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अभ्यासक्रमाची रचना सोपी आहे. पहिल्या धड्यात रेषा, लंबवर्तुळे आणि ठोकळे. त्यानंतर २५० ठोकळे काढण्याचे प्रसिद्ध आव्हान. दुसऱ्या धड्यात आकाराच्या पृष्ठभागावरून फिरणाऱ्या रेषा, पोत आणि एकमेकांत घुसलेले घनाकार. आणि पुढे क्रमाने वनस्पती, कीटक, प्राणी, रोजच्या वापरातल्या वस्तू आणि वाहने. साहित्य म्हणजे साधा छपाईचा कागद आणि ०.५ मिलिमीटरचे फाइनलायनर पेन. पेन्सिल नाही, खोडरबर नाही आणि सरावाच्या काळात टॅब्लेटही नाही.

आपल्याकडच्या मुलांना पहिला धक्का इथेच बसतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करून आलेल्या मुलाचा हात पेन्सिलीला सरावलेला असतो. हलक्या रेषा चार-पाचदा गिरवून त्यातली बरी ठेवायची, बाकीच्या खोडायच्या आणि मग छटा घासून चित्र मऊ करायचे, ही त्याची रीत. ड्रॉअबॉक्समध्ये रेषेच्या दोन टोकांना ठिपके द्यायचे, पेन कागदाला न टेकवता त्या मार्गावरून हवेत फिरवायचे आणि हाताला दिशा समजली की खांद्यातून हात हलवून एका दमात रेषा ओढायची. रेषा ठिपक्याच्या पुढे गेली तरी चालते. थरथरलेली चालत नाही. अचूकतेपेक्षा रेषेतला ठामपणा आधी मागणारी ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, पण काही आठवड्यांनी जुनी आणि नवी वही शेजारी ठेवली की कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल मात्र ठोकळ्यांत आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक ठोकळा वाय या अक्षरासारख्या तीन रेषांपासून सुरू करायचा, समोरून न दिसणाऱ्या मागच्या कडासुद्धा काढायच्या आणि पान पूर्ण झाल्यावर दुसऱ्या रंगाच्या, समजा लाल, पेनाने प्रत्येक कड मागच्या दिशेने लांबवायची. समांतर असलेल्या चार कडांच्या या लाल रेषा दूरवर हळूहळू एकत्र येत गेल्या पाहिजेत. विद्यार्थ्याला अगदी बरोबर वाटणाऱ्या ठोकळ्यावर ही लाल रेघ पडली की तीन कडा एकीकडे चालल्या आहेत आणि चौथी भलतीकडेच फाकली आहे, हे त्याला स्वतःच्याच डोळ्यांनी दिसते. शिक्षकाने काही बोलण्याची गरज उरत नाही. बहुतेकांची चूक मागच्या, लपलेल्या कोपऱ्यातच सापडते. आपल्या ग्रेड परीक्षांतल्या वस्तुचित्रात एका जागी बसून समोर जे दिसते तेवढेच काढायचे असते, त्यामुळे वस्तूची मागची बाजू कशी असेल हा प्रश्न मुलाला कधी पडलेलाच नसतो. गेम आर्टमध्ये हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पडतो. खेळणारा पात्राच्या भोवती कॅमेरा फिरवतो, पेटीच्या मागे जाऊन उभा राहतो. म्हणजे ज्याने ती पेटी रचली त्याला ती सहाही बाजूंनी ठाऊक असावीच लागते. त्रिमितीय मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर पुढे महाविद्यालयात शिकवतील, पण त्यासाठी लागणारी दृष्टी या कंटाळवाण्या ठोकळ्यांतून तयार होते. दुसऱ्या धड्यातला घनाकार एकमेकांत घुसवण्याचा सरावही याच कारणासाठी मला महत्त्वाचा वाटतो, कारण गोल आणि शंकू जिथे एकमेकांना छेदतात ती रेषा कागदावर अंदाजाने काढता येणे हे मॉडेलिंगचेच पूर्वशिक्षण आहे.

या अभ्यासक्रमातला एक नियम बहुतेक मुले वाचतात आणि सोडून देतात. चित्र काढण्याच्या एकूण वेळेपैकी निम्मा वेळ कोणताही अभ्यास न करता, केवळ आवडीचे काढण्यात घालवावा, असा हा ५० टक्क्यांचा नियम आहे. बारावीच्या वर्षात, एकीकडे बोर्डाचा अभ्यास आणि दुसरीकडे प्रवेशाच्या तारखा असताना, पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. माझ्या मते पोर्टफोलिओ खरा याच अर्ध्या वेळातून उभा राहतो. ठोकळ्यांवर मेहनत घेतलेल्या एका मुलीने फावल्या वेळात आजीच्या घरातल्या जुन्या वस्तूंची एक मालिका काढली : वातीचा स्टोव्ह, कंदील, पितळी अडकित्ता, शिवणयंत्र. प्रत्येक वस्तू समोरून, बाजूने आणि मागून काढली, स्टोव्हची टाकी आणि बर्नर वेगळे करून दाखवले आणि कंदिलाच्या काचेवरची काजळीही सोडली नाही. गेममध्ये ज्याला प्रॉप डिझाइन म्हणतात ते हेच. ड्रॉअबॉक्सच्या सहाव्या धड्याने तिला शिवणयंत्र ठोकळ्यात बसवायला शिकवले. शिवणयंत्रच काढावे, हे मात्र तिचे तिने ठरवले.

आता उणिवांकडे वळतो. ड्रॉअबॉक्समध्ये मानवी आकृती शिकवलेली नाही. हालचालींची झटपट रेखाटने, शरीररचना, प्रकाश आणि छटांची मांडणी, रंग, चित्ररचना यांतले काहीही तिथे पद्धतशीरपणे मिळत नाही. किंबहुना नुसत्या सजावटीसाठी छटा भरू नका असेच तिथे बजावलेले असते, आणि त्या अभ्यासक्रमाच्या हेतूपुरते ते योग्यही आहे. पण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सॅरासोटा येथे असलेल्या रिंगलिंगसारख्या, गेम आर्टची स्वतंत्र पदवी देणाऱ्या महाविद्यालयांत प्रत्यक्ष पाहून केलेल्या रेखाटनाला फार वजन असते. जिवंत मॉडेलवरून काढलेली आकृती, आरशात पाहून केलेले स्वतःचे व्यक्तिचित्र, हात, खोलीचा अंतर्भाग असे काम परीक्षक शोधतात आणि छायाचित्रावरून किंवा प्रसिद्ध ॲनिमेच्या पात्रांवरून उतरवलेले काम बाजूला ठेवतात. ही सगळी तयारी बाहेर करावी लागते. त्यासाठी स्वारगेटच्या बसस्थानकावर किंवा महात्मा फुले मंडईत लहान वही घेऊन तासभर उभे राहणे हा अजूनही सर्वांत स्वस्त वर्ग आहे. हातगाडी ढकलणाऱ्याचा वाकलेला पाठीचा कणा अर्ध्या मिनिटात पकडता आला, तर तो पोर्टफोलिओत ठोकळ्यांच्या अख्ख्या पानापेक्षा जास्त बोलतो.

दुसरी अडचण भाषेची आणि लांबीची आहे. लेखन आणि चित्रफिती इंग्रजीत आहेत आणि स्पष्टीकरणे फारच विस्ताराने केलेली आहेत. मराठी माध्यमातून आलेला मुलगा दोन ओळींच्या कृतीसाठी दोन पाने वाचता वाचता थकतो. मी सरावाची कृती मुलांना आधी मराठीत करून दाखवतो आणि मग मूळ मजकूर वाचायला लावतो. एकट्याने करणाऱ्याने निदान गृहपाठाचा भाग दोनदा वाचावा. गृहपाठ तपासून घेण्याची सोयही दोन प्रकारची आहे : इतर शिकणाऱ्यांकडून फुकट, आणि अधिकृत तपासनिसांकडून पैसे देऊन. फुकटचा अभिप्राय देणारा स्वतः एखादा धडाच पुढे असू शकतो, हे लक्षात ठेवून तो घ्यावा. जवळपास जाणता कलाशिक्षक असेल तर पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

भारतातल्या मार्गांबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी असलेल्या यूसीडसारख्या प्रवेशपरीक्षेत पोर्टफोलिओ नसतो, परीक्षागृहात बसून चित्र काढावे लागते. एनआयडीचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचा) डिजिटल गेम डिझाइन हा अभ्यासक्रम तर बंगळुरूच्या संकुलात पदव्युत्तर पातळीवर आहे. अशा प्रवेशपरीक्षांमध्ये दिलेल्या वेळेत, खोडरबराकडे हात न जाता, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) सांभाळून एखादा प्रसंग उभा करायचा असतो आणि तिथे ड्रॉअबॉक्सचा सराव थेट कामी येतो. म्हणजे गंमत अशी की जिथे पोर्टफोलिओ मागतात तिथे या अभ्यासक्रमाची पाने दाखवून उपयोग नाही आणि जिथे पोर्टफोलिओ मागत नाहीत तिथे तोच सराव उत्तरपत्रिकेवर उतरतो.

अकरावीत सुरुवात करणाऱ्याने सातही धडे सांगितलेल्या क्रमाने करावेत. ज्याच्या हातात फक्त पाच-सहा महिने आहेत, त्याने पहिला धडा, २५० ठोकळे आणि दुसरा धडा एवढे पूर्ण करून थेट वस्तूंच्या सहाव्या धड्याकडे जावे, असे मी सांगतो. अभ्यासक्रम क्रम मोडू नका म्हणतो आणि एरवी मीही तेच म्हटले असते; पण कीटकांच्या पायांचे सांधे अर्जाच्या तारखेनंतरही शिकता येतात. ठोकळेसुद्धा दिवसाला पाच-सहाच काढावेत. एका रात्रीत पन्नास उरकणाऱ्या मुलांच्या लाल रेषा शेवटच्या पानापर्यंत तशाच फाकलेल्या मी पाहिल्या आहेत. अर्ज करण्याच्या आधीचे दोन महिने मात्र ड्रॉअबॉक्स सकाळच्या दहा-पंधरा मिनिटांच्या हात मोकळा करण्यापुरते ठेवावे आणि उरलेला सगळा वेळ निवडक दहा-पंधरा चित्रे पुन्हा काढण्यात, दिवसाउजेडी सावली न पडू देता त्यांची छायाचित्रे घेण्यात आणि त्या त्या महाविद्यालयाने किती चित्रे व कोणत्या आकारात मागितली आहेत ते त्यांच्या संकेतस्थळावर नीट वाचण्यात घालवावा.