हनोईचा ट्रान क्वोक की हुएचा थिएन मू?

व्हिएतनामच्या धावत्या सहलीत एकच पॅगोडा बसत असेल तर बहुतेकांचा कौल ट्रान क्वोकला जातो. तो हनोईतच, थान निएन रस्त्याला लागून आहे आणि तासाभरात बघून होतो. सोय म्हणून ठीक. पण जुनं बांधकाम बघायची हौस असेल तर निराशा होऊ शकते. इथली परंपरा सहाव्या शतकातली असली, तरी फोटोंत झळकणारा ११ मजली लाल मनोरा १९९८ सालचा आहे. जागाही मूळची नव्हे. तांबड्या नदीचा काठ ढासळू लागला म्हणून १६१५ मध्ये मंदिर पश्चिम सरोवरातल्या बेटावर हलवलं. भारतीयांनी आवर्जून बघावा तो आवारातला बोधिवृक्ष: १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी भेट दिलेला, बोधगयेच्या वंशातला.

मध्य व्हिएतनाममधल्या हुए शहराच्या थिएन मूला बघण्यासारखं कितीतरी जास्त आहे. न्गुएन होआंग या तिथल्या सरदाराने १६०१ मध्ये हुआँग नदीकाठच्या टेकडीवर तो उभारला. सात मजली, २१ मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा १८४४ चा. शेजारी १७१० ची प्रचंड घंटा आणि संगमरवरी कासवाच्या पाठीवरचा १७१५ चा शिलालेख. मनोऱ्याचा फोटो काढून परत फिरू नका, मागच्या आवारात जा. बौद्ध भिक्षू थिक क्वांग डुक यांनी ११ जून १९६३ रोजी सायगॉनच्या (आजचं हो ची मिन्ह सिटी) चौकात आत्मदहन केलं, तेव्हा ज्या ऑस्टिन गाडीतून ते गेले ती तिथे ठेवली आहे. हाताशी दीड तास हवाच.

प्रवेश दोन्हीकडे मोफत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. गाभाऱ्यात जाताना चपला बाहेर. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ट्रान क्वोकला स्थानिक भाविकांची रीघ लागते, निवांतपणा हवा तर त्या तिथी टाळा. सूर्यास्त आतून बघायचा बेत मात्र फसतो, दार आधीच बंद होतं. तो रस्त्यावरूनच बघावा.

थिएन मू हुएच्या किल्ल्यापासून चारेक किलोमीटर. सायकल उत्तम. नावेने जायचं तर भाडं माणशी की अख्ख्या नावेचं, एकेरी की परतीसह, हे चढण्याआधीच ठरवा.

आमचा कौल थिएन मूला. त्यासाठी हनोईहून मुद्दाम रात्रभर रेल्वेत बसायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. दा नांगला जाणारच असाल तर मात्र चुकवू नये, तिथून हुए जेमतेम १०० किलोमीटर. अडचण फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरची. तेव्हा हुएला पाऊस झोडपतो, कधी नदीला पूर येतो आणि हनोईत हवा छान असते. त्या दिवसांत ट्रान क्वोकच बरा.