सरकारी बंगल्यातलं भरीत

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेरचा जुना डाक बंगला आता हॉटेल झालाय. नाव लिहीत नाही, मला याच गावात राहायचंय.

माझे वडील तिथे खानसामा होते. म्हणून भाच्याने जेवायला नेलं तेव्हा मी आधी मागच्या अंगाला वळलो. वॉचमनने हटकलं, "कथा चालनात आबा?" म्हणजे कुठे निघालात. अहिराणी ऐकल्यावर राग कसला येतो! मुकाट पुढे येऊन बसलो.

भरीत एक नंबर. हिरवं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात ठेचलेलं. मिक्सरचा लगदा नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मात्र गार आली, आणि शेवभाजीतली शेव पार विरघळलेली. शेव वाढताना टाकायची असते, हे खान्देशात हॉटेल काढणाऱ्याला सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे. दोघांचं बिल ९८० रुपये. त्यात 'हेरिटेज व्हरांडा' म्हणून १५० वेगळे. याच व्हरांड्यात रस्त्याची डागडुजी करणारे मैलकुली पगाराच्या दिवशी दुपारभर ताटकळायचे.

कौलं नीट बसवलीत, हे कबूल. सरकारकडे होता तेव्हा शेवटी शेवटी आत वटवाघळं होती, आणि सागवानी दारांना हिरवा ऑइलपेंट फासलेला. तो खरवडून लाकूड मोकळं केलंय. मी हात फिरवून पाहिला. पण चुन्याच्या भिंतींना खालून सिमेंटचा गिलावा मारलाय. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडते. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत मीठ फुललंय, पापुद्रे सुटलेत. कोपऱ्यातलं टेबल घेऊ नका, शर्ट पांढरा होतो.

हॉलच्या भिंतीत वर एक भोक आहे. छताला टांगलेल्या पंख्याची दोरी त्यातून बाहेर बसलेल्या माणसाच्या हातात जायची, तो ती ओढून पंखा हलवायचा. आता त्यातून एसीचा पाइप नेलाय. नवं भोक पाडलं नाही, हे आवडलं.

मॅनेजरला विचारलं, विकत घेतलाय की भाडेपट्ट्याने? किती वर्षं, कितीला? "मालकांना माहीत," म्हणून हसला. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला काय करायचंय?" त्याला उदयपूरचं सांगितलं. तिथलं लक्ष्मीविलास पॅलेस हॉटेल सरकारने २००२ मध्ये ७.५२ कोटींना विकलं. २०२० मध्ये जोधपूरच्या सीबीआय कोर्टात त्याची किंमत २५२ कोटी निघाली, मग त्या आदेशाला हायकोर्टाची स्थगिती. आपल्या बंगल्याचा आकडा निदान दारावर तरी लावा की! भाचा म्हणाला, "भरीत गार होतंय."

निघताना वॉचमननेच मागे नेलं. स्वयंपाकघराच्या दगडी पायरीवर वडील सुरी घासायचे, घासून घासून बोटभर खाच पडली होती. त्यावर चकचकीत टाइल बसवलीय. पुढे बोर्ड आहे, 'ब्रिटिशकालीन वारसा जसाच्या तसा'.

पाचपैकी तीन स्टार, त्यातले अडीच भरिताचे. थंडीतच जा, उन्हाळ्यात वांग्याला ती चव नसते.