मॉडेल विमानाला मॅट फिनिश: फिल्मवर लॅकर की कापड आणि रंग?

फिल्म (इस्त्रीने चिकटवायचं पातळ प्लास्टिकचं आवरण) चढवलेलं मॉडेल विमान उन्हात धरलं की आधी नजरेत भरते ती चकाकी. प्रमाण, रेषा, चिन्हं सगळं अचूक असूनही ते खेळणंच वाटतं. यावर मुख्य रस्ते दोन. एक, फिल्मवरच मॅट लॅकर, म्हणजे चमक मारणारा पारदर्शक थर, मारायचं. दुसरा, फिल्म सोडून इस्त्रीने चिकटणारं कापड लावायचं आणि रंगवायचं. बहुतेक जण वजन बघून ठरवतात. मी आधी बघतो ते मूळ विमान कशाचं होतं.

1917 चं सोपविथ कॅमल करत असाल तर कापडच लावा. मूळ विमानावर लिनन होतं. कापडाच्या विणीमुळे आणि रिबांवरून (पंखातल्या आडव्या फासळ्यांवरून) ते ताणलं गेल्यामुळे पंखाला जे रूप येतं, ते फिल्मवर कितीही लॅकर मारून येत नाही. सहाव्या हिश्श्याच्या मॉडेलवर ही वीण हिशेबाने जाडच ठरते म्हणा, पण डोळा तेवढं चालवून घेतो. स्पिटफायरच्या पंखावर मात्र चालवून घेत नाही, कारण तिथे धातूचा पत्रा होता. तिथे फिल्म बरी. पंख पूर्ण बाल्साने, म्हणजे हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांनी, मढवलेला असेल तर चौरस मीटरला 25 ग्रॅमचं ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांचं तलम कापड) लावून पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन त्याहून बरं. हरिकेनची गंमत अशी की पुढचं धड पत्र्याचं आणि मागचं कापडाचं, म्हणजे एकाच मॉडेलवर दोन्ही प्रकार करावे लागतात.

वजनाचं म्हणाल तर नेहमीची फिल्म चौरस मीटरला साधारण 60 ग्रॅम, कापड 85 ते 100 च्या घरात, आणि रंग वेगळा. पंखावर हे खपून जातं, शेपटीवर नाही. नाकापेक्षा शेपटी गुरुत्वमध्यापासून तिप्पट लांब असेल, तर मागे वाढलेल्या 10 ग्रॅमसाठी पुढे 30 ग्रॅम शिसं घालावं लागतं.

लॅकरचा रस्ता स्वस्त आणि झटपट, पण फसवा. नुसतं मारलं तर पापुद्रे निघतात. आधी बारीक घासणीने फिल्म गोल गोल, हलक्या हाताने मंद करायची. एकाच दिशेने घासलं तर ओरखडे लॅकरखालूनही दिसतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. लॅकरचे दोन-तीन पातळ हात पुरतात. मॅटपणा आणणारी पूड डब्याच्या तळाशी बसते, हे मी एका पंखाच्या बदल्यात शिकलो. डबा नीट हलवला नव्हता. डावा पंख चकचकीत राहिला, आणि उजव्यापर्यंत पोचेतो तळाची पूड येऊ लागली, तो खडू फासल्यासारखा पांढुरका झाला. दुसरा धोका सुरकुत्यांचा. फिल्म आवळायला 150 अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि ती लॅकरला झेपत नाही. म्हणून आधी विमान दोन-चार दिवस उन्हात ठेवा, सैल पडेल ते आवळून घ्या, मगच लॅकर.

पाण्यातून सरकवायची चिन्हं असतील तर ती मॅट पृष्ठभागावर लावू नका. खाली हवा अडकून कडा चंदेरी दिसतात. आधी चकचकीत थर, त्यावर चिन्हं, शेवटी मॅट.

मोटर विजेची असेल तर कुठलंही ॲक्रिलिक लॅकर चालेल. ग्लो इंजिन, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन, असेल तर थांबा, कारण इंधनातलं मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन साध्या ॲक्रिलिकला चिकट करून टाकतं. दोन भागांचं पॉलियुरेथेन मॅट लॅकर टिकतं, मास्क मात्र हवाच. विमान जुनं असेल तर हा प्रश्न बहुधा निकालातच निघालेला असतो, कारण इंधनातलं तेल प्यायलेल्या लाकडावर नवं काहीच धड चिकटत नाही.

अगदी कोरडं मॅट मी आता मारत नाही. बोटांचे डाग त्यावर कायमचे बसतात, आणि डोप (कापड ताणून घट्ट करणारं लॅकर) दिलेल्या खऱ्या कापडालाही हलकी तुकतुकी असायचीच. सॅटिनमध्ये (अर्धवट चमकणाऱ्या लॅकरमध्ये) थोडं मॅट मिसळून मी आधी फिल्मच्या कापून उरलेल्या तुकड्यावर मारून बघतो, आणि तो तुकडा दिव्याखाली नाही, उन्हात धरतो.